कामाआधीचे काम

लखनौचा उन्हाळा मोठा कठोर असतो. मे महिन्यात जमीन भेगाळते, मैदाने करपून पिवळी पडतात आणि दुपारच्या लू वाऱ्यात रस्ते ओस पडतात. जूनच्या अखेरीस पाऊस येतो आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे चित्र पालटते. रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींच्या पायथ्याशी, गोमतीच्या काठावर, वसाहतींच्या कुंपणाशी, जिथे मूठभर माती असेल तिथे गवत उगवते. नोकरीच्या निमित्ताने आमचे मराठी कुटुंब या शहरात आले, तेव्हापासून हे हिरवे आक्रमण मी दर पावसाळ्यात पाहत आले आहे.

पूर्वी या गवताशी विळा आणि खुरपे झुंजत असत. चार-पाच माणसे ओळीने उकिडवी बसून दिवसभर कापत आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून उठत. आता बहुतेक ठिकाणी पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र आले आहे. लांब दांडी, एका टोकाला छोटे इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. नुसती दोरी गवत कशी कापते, याचे नवल वाटते. याचे उत्तर तिच्या वेगात आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९७१ साली जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थाला मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून ही कल्पना सुचली. त्याने पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा वेगाने फिरवून पाहिला. गवत कापले गेले. आजच्या यंत्रात ही दोरी मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेते. तिच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरहून अधिक भरतो. जी दोरी या वेगाने गवत कापते, ती वाटेतला खडाही त्याच जोराने भिरकावते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या वसाहतीची बाग सांभाळणाऱ्या वृद्ध माळ्यांना लहानथोर सारेच चाचा म्हणतात. त्यांचे शिक्षण बेताचे. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती त्यांनी शेजारच्या एका विद्यार्थ्याकडून दोन संध्याकाळी बसून वाचून घेतली, आणि प्रत्येक सूचनेला ‘असे का?’ हा प्रश्न विचारला. कारण समजले की सूचना पाठ करावी लागत नाही, ती आपोआप लक्षात राहते. चाचांचे काम पाहताना मला हे वारंवार जाणवले.

त्यांची सुरुवात इंधनापासून होते. यंत्र दोन-स्ट्रोकचे आहे. अशा इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईलच आतल्या भागांना वंगण पुरवते. माझ्या पिढीला हे नवे नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडिया कारखान्यातून ‘विजय सुपर’ स्कूटर बाहेर पडत असे, तेव्हा पेट्रोलपंपावर ऑईलचे माप मागून घेण्याची रीतच होती. (तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला.) चाचा मापाच्या भांड्याने ऑईल मोजतात. पुस्तिकेत पंचवीसास एक असे प्रमाण असेल तर लीटरला ४० मिलिलीटर, पन्नासास एक असेल तर २० मिलिलीटर. अंदाजाने ओतलेले ऑईल कमी पडले की इंजिन आतल्या आत घासून जाम होते, जास्त झाले की धूर ओकते. चार-स्ट्रोकच्या यंत्राला मात्र नुसतेच पेट्रोल लागते, त्याचे ऑईल वेगळ्या जागी भरतात. म्हणून आधी यंत्र ओळखावे, मग डबा उघडावा.

पेट्रोल भरताना ते यंत्र मोकळ्या हवेत, सपाट जमिनीवर ठेवतात. इंजिन तापलेले असेल तर निवण्याची वाट पाहतात. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या बिडीच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. नरसाळ्यातून पेट्रोल ओतून, झाकण घट्ट लावून, सांडलेला थेंब पुसून ते यंत्र उचलतात आणि दहा-बारा पावले दूर नेऊन मगच सुरू करतात. उरलेले मिश्रण पेट्रोलसाठीच्या डब्यात, नाव लिहून ठेवतात. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे त्यांना मान्य नाही. तहानलेल्या मुलाला बाटलीतले काय कळणार, असे ते म्हणतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे हंगाम संपला की ते टाकी रिकामी करून ठेवतात.

मग येते जमिनीची पाहणी. चाचा सगळे मैदान एकदा पायी फिरतात. खडे, काचा, तारेचे तुकडे आणि पतंगाचा मांजा वेचून बाजूला टाकतात. पायात बूट, अंगात जाड विजार, डोळ्यांवर गॉगल, कानांवर आवाज रोखणारे आवरण. संरक्षक पत्रा जागेवर आहे ना, हे पाहतात. दोरी संपली म्हणून तिच्या जागी लोखंडी तार बांधण्याची युक्ती काही लोक करतात. तुटलेला तारेचा तुकडा गोळीसारखा सुटतो, म्हणून चाचा ती कधीही करत नाहीत.

यंत्र सुरू करताना ते जमिनीवर टेकवलेले असते आणि फिरणारे टोक कशालाही लागलेले नसते. इंधनाचा रबरी फुगा चार-पाच वेळा दाबायचा, चोक लावायचा, डाव्या हाताने यंत्र दाबून धरायचे आणि उजव्या हाताने सुरुवातीची दोरी अडखळेपर्यंत हळू ओढून मग झटक्याने खेचायची. दोरी हाताला गुंडाळायची नाही. इंजिन खोकले की चोक सोडायचा. इंजिन संथ चालत असताना खालची दोरी थांबलेली असली पाहिजे. ती फिरत राहिली तर यंत्र आधी दुरुस्तीला न्यायचे. अडकलेले गवत काढायचे असेल तर अगोदर इंजिन बंद करायचे.

‘पहले आप’ ही लखनौची जुनी अदब. तिची थट्टाही पुष्कळ होते. पण चाचांच्या कामात ती मला फार अर्थपूर्ण दिसते. पंधरा मीटरांच्या आत कोणी आले, मग ती शाळेत जाणारी मुलगी असो वा दूधवाला, की ते यंत्र संथ करतात, टोक खाली टेकवतात आणि हाताने खूण करतात. जाणारा गेला की मगच काम पुढे सरकते.

या साऱ्या तयारीस पंधरा-वीस मिनिटे जातात. ही मिनिटे कोणाची, हा खरा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका वसाहतीत कंत्राटदाराने गवत कापण्यास एक तरुण पाठवला होता. मजुरी मैदानाच्या मापाने ठरलेली होती. पाहणी करण्यास सवड नाही, गॉगल नाही, पायात चपला. खडा उडाला. एका मोटारीची काच फुटली आणि दुसऱ्या खड्याने त्या मुलाची भुवई फाटली. डोळा बोटभर अंतराने वाचला. मी तेथे पोहोचले तेव्हा दहा-बारा माणसे जमली होती आणि काचेची भरपाई कोणी द्यायची, यावर वाद चालला होता. तो मुलगा कपाळाला रुमाल दाबून कट्ट्यावर बसला होता. त्याच्या डोळ्याची किंमत त्या चर्चेत कोठेच नव्हती. तो निष्काळजी होता, असे सगळे म्हणत होते. पण काळजी घेण्यास लागणारा वेळ त्याच्या मजुरीत कोणी धरला होता काय?

मला याच शहरातील एक वेगळी गोष्ट आठवते. मुंबईत वकिली केलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तेथील मैफलीत गायक आधी तानपुरा जुळवतो. खुंटी पिळतो, मणी सरकवतो, पुन्हा कान लावतो. श्रोते निमूट बसून असतात. ‘हा वेळ वाया चालला, याचे मानधन कापा’ असे कोणी म्हणत नाही, कारण सुरांची जुळणी हा गाण्याचाच भाग आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मग गॉगल लावणे, खडे वेचणे, इंजिन निवण्याची वाट पाहणे हा गवत कापण्याचा भाग का नसावा? कलावंताच्या तयारीला आपण साधना म्हणतो आणि कष्टकऱ्याच्या तयारीला वेळकाढूपणा. हा भेद कामातला नाही, आपल्या नजरेतला आहे.

चाचांना मी एकदा हेच विचारले. त्यांनी यंत्राचा गाळ पुसत उत्तर दिले, “बहनजी, गवत उद्याही वाढेल. डोळा पुन्हा उगवत नाही.”

मुक्त विद्यालयात शिकणारे तुमच्यापैकी कितीतरी जण दिवसा काम करून संध्याकाळी पुस्तक उघडतात. कोणी कारखान्यात, कोणी शेतावर, कोणी बांधकामावर. तुमच्या हातात कोणतेही यंत्र येवो, त्याच्या सूचना समजेल अशा भाषेत मागून घ्या आणि प्रत्येक सूचनेमागचे कारण विचारा. उद्या तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याला कामावर ठेवील, तेव्हा मजुरी ठरवताना कामाआधीचा हा वेळही मोजा. ज्याच्या श्रमावर आपले अंगण स्वच्छ होते, तो संध्याकाळी दोन्ही डोळ्यांनी आपल्या मुलांकडे पाहू शकला, तरच ते काम पुरे झाले असे म्हणता येईल.