निथळलेलं माप

आमच्या लहानपणी कुपवाडात गोडेतेल सुटं मिळायचं. किटली घेऊन दुकानात जायचं. दुकानदार पत्र्याच्या मापानं तेल ओतायचा आणि माप किटलीच्या तोंडावर उपडं धरायचा. किती वेळ धरायचं हे त्याच्या मनावर. आम्ही पोरं एकटी गेलो तर माप लगेच वर, आई बरोबर असली तर शेवटचा थेंब सुटेपर्यंत गप्पा.

आता तेल पिशवीत येतं. लिटर म्हणजे लिटर, निथळायचा प्रश्नच मिटला. मिटला ते बरंच झालं म्हणा. तळ आत ठोकलेली मापं, पारड्याखाली चिकटवलेली चिंच, घ्यायची वजनं निराळी आणि द्यायची निराळी, हे सगळं ज्याला आपण सचोटीचा काळ म्हणतो त्याच काळातलं.

गंमत अशी की त्या थेंबांचा विचार ज्यू धर्मशास्त्रानं सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. मिश्ना हा त्यांचा जुना कायदेग्रंथ सांगतो, विकणाऱ्यानं माप रिकामं केल्यावर आणखी तीन थेंब पडू द्यावेत. किरकोळ दुकानदाराला यातून सूट, कारण त्याच्यामागे गिऱ्हाइकांची घाई. त्यावर रब्बी यहुदा म्हणतात, सूट फक्त शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, आदल्या दिवशी, अंधार पडायच्या सुमारास. दुकानदारानं मापं आठवड्यातून दोनदा पुसायची, वजनं एकदा, तागडी प्रत्येक तोलानंतर. आणि मिश्नेवरचं भाष्य असलेला तल्मुद म्हणतो, खोटं माप घरात ठेवायचंसुद्धा नाही, मग ते मुतायचं भांडं म्हणून का वापरत असेना! पकडले जाण्याचा प्रश्नच नाही. धाक आहे तो मोह हाताशी असण्याचा.

आपल्याकडे याचं उदाहरण तेलातच सापडतं. कोकणातले बेने इस्रायल ज्यू गावोगाव घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं ते 1796 साली. त्याआधी कित्येक पिढ्या ना रब्बी, ना ग्रंथ. शनिवारी घाणा फिरवला असता तर जाब विचारायला बाहेरचं कोण येणार होतं? आता घाणेही गेले आणि 1948 नंतर बहुतेक घाणेवालेही इस्रायलला गेले.

आमच्या भागातल्या बाजारांत हत्ता पद्धत असायची. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबत, भाव ठरे आणि शेतकरी बाजूला नुसता तोंडाकडे बघत उभा. तिचं कौतुक करवत नाही. आता बोली उघड्यावर होते, भाव मोबाइलवर येतो. तरीही न उच्चारलेला आकडा पाळायचा, ही त्या रुमालातली गोष्ट मनातून जात नाही. तल्मुदी परंपरेतल्या राव साफ्रा या पंडितांना तर रुमालही लागला नाही. ते प्रार्थनेत असताना गिऱ्हाइकानं किंमत सांगितली. हे बोलेनात म्हणून त्यानं ती वाढवली. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी माल पहिल्याच किमतीला दिला. का, तर मनात ती मान्य झाली होती.

1998 साली सांगली-मिरजेबरोबर आमचं कुपवाडही महानगरपालिकेत गेलं. आज एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर कॅमेरे आहेत, किराणा दुकानातही आहेत. पूर्वी कॅमेरे नव्हते, गल्ली होती. आम्ही प्रामाणिक होतो की नुसतेच ओळखीचे होतो, हे ठरवायची संधी गल्लीनं कधी दिलीच नाही.

एक जागा मात्र खाजगी होती: रात्रीची जमाखर्चाची वही. मेंडेल लेफिन या ज्यू लेखकानं 1808 साली मनाच्या अशाच हिशेबाचं पुस्तक काढलं. तेरा गुण, आठवड्याला एक, चुकलं की वहीत खूण. पद्धत बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतलेली, पण पुढे लिथुआनियात रब्बी इस्रायल सालांतरांच्या अनुयायांनी ती मनावर घेतली. आमच्या घराघरांतले वडील इतके पुढे गेले नव्हते. चार आणे जुळेनात तर ताट गार होईपर्यंत बेरीज करायचे आणि शेवटी 'किरकोळ' लिहून मोकळे व्हायचे. त्या किरकोळीत विड्या असायच्या. लिहिताना पेन जरा अडायचं.

आता मेळ फोनच घालतो. त्यात किरकोळ नावाचं खातं नाही. पानटपरीचं नाव येतं, रक्कम येते, वेळ मिनिटासकट येते.