चार्ज

सरकारी नोकरीत चार्ज घेणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नव्हे. खुर्ची आपली होते. पण टेबलावरच्या फायली मागल्या माणसाच्या असतात. त्याने धरलेले हट्ट, दिलेली वचने, अर्धवट सोडलेली टिपणे सारी आपल्याच नावावर चढतात. कोणी मागल्याच्या शेऱ्याखाली ‘सहमत’ लिहून मोकळा होतो, कोणी पहिल्याच दिवशी सारे दप्तर बांधून माळ्यावर टाकतो. जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचून, तीत कोणाच्या ध्यानी न आलेली गोष्ट हुडकून काढणारा अधिकारी विरळा. असा एक पुरुष आम्हांला सेवानिवृत्तीनंतर भेटला, आणि तोही एका अमेरिकन चित्रकथेत!

ही चित्रकथा आमच्या घरी आली ती नातवाच्या कपाटातून. तिचे नाव ‘स्वॅम्प थिंग’. दलदलीतला हा जीव लेखक लेन वीन व चित्रकार बर्नी राइटसन यांनी १९७१ साली एका छोट्या कथेत प्रथम उभा केला, आणि १९७२ पासून त्याचे स्वतंत्र अंक निघू लागले. अॅलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ लुइझियानाच्या दलदलीकाठी वनस्पती झपाट्याने वाढवणारे रसायन शोधीत असतो. दुष्टांनी ठेवलेल्या बाँबचा स्फोट होतो. पेटलेला हॉलंड दलदलीत उडी घेतो, आणि तेथून शेवाळ व मुळ्यांचा एक अक्राळविक्राळ देह बाहेर येतो. कथा भयाची, नायक मात्र अतिमानवी बळाचा. पुन्हा माणूस व्हावे, एवढीच त्याची आस.

१९८४ मध्ये ही कथा अॅलन मूर या इंग्रज लेखकाच्या हाती आली. तिची सूत्रे त्याच्याकडे सोपवणारा संपादक खुद्द लेन वीनच होता! मूरने दुसऱ्याच अंकात त्या जीवाची शवचिकित्सा करविली. आत फुप्फुसासारखे काही होते, पण ते श्वास घेत नव्हते. हृदयासारखे होते, पण ते रक्त फिरवीत नव्हते. निष्कर्ष असा की, हॉलंड त्या रात्रीच मेला. दलदलीतल्या वनस्पतींनी त्याची स्मृती शोषली, आणि त्या स्मृतीच्या भरात एक झाड स्वतःला माणूस समजू लागले. जुन्या कथांतील एकही घटना मूरने खोडली नाही. अर्थ मात्र सर्वांचाच पालटला.

या एका अंकावरून आमच्या ओसरीवर नातू व त्याचा मित्र यांच्यात जे रण माजते, तसे आम्ही कोणत्याही खातेनिहाय बैठकीत पाहिले नाही. नातू वीनच्या पक्षाचा. “आजोबा, बरे होण्याची आशा हाच त्या बिचाऱ्याचा प्राण होता. बरे व्हायला कोणी उरलेच नाही, असे सांगणे म्हणजे नायकाचा खूनच!” मित्राचे म्हणणे असे की, आशा कधीच फळू द्यायची नव्हती, कारण ती फळली की कथाच संपली, मूरने त्या घाण्याच्या बैलाला सोडवले. त्यावर नातू २०११ सालचे अंक पुढे करतो. त्या साली स्कॉट स्नायडर या लेखकाने पुन्हा जिवंत झालेल्या खऱ्या हॉलंडला घेऊन मालिका सुरू केली. “बघा, त्यालाही माणूस लागलाच!” मित्र म्हणतो, “माणूस आला आणि गूढ गेले.”

आम्ही या वादात तटस्थ राहू शकत नाही. आमची एकतीस वर्षे लखनौस गेली. प्रत्येक बदलीच्या यादीत आम्ही पुणे शोधले. पुढे ‘पेन्शनीनंतर परत जाऊ’ हे पालुपद झाले. एकदा गावाकडील लग्नात एका आप्ताने आमचे बोलणे ऐकून सहज म्हटले, “तुम्ही आता तिकडचेच झालात. मराठी बोलता, पण आठवून आठवून.” पंगतीत तो घास आमच्या घशाखाली उतरला नाही. परत जाणारा तो मराठी माणूस कधीच सरला आणि त्याच्या आठवणीवर गोमतीकाठी दुसरेच झाड वाढले, असे तर नव्हे? नातवाला वीन का प्रिय आहे, हे आम्हांला चांगले कळते.

पण मूर शवचिकित्सेपाशी थांबत नाही. सत्य कळल्यावर तो जीव खचतो, दलदलीत मुळे सोडून निपचित पडतो, आणि पुढे केव्हातरी उठतो. मग एका कथेत तो हॉलंडची हाडे चिखलातून काढतो व त्यांचे रीतसर दफन करतो. स्मृती मात्र पुरत नाही. त्याच स्मृतीतला जिव्हाळा घेऊन तो अॅबी नावाच्या स्त्रीवर प्रेम करतो, त्या भूमीची राखण करतो. मनुष्य नसल्याने त्याच्या मायेला उणेपणा येत नाही.

पुण्यातील घराची जुनी चौकशीपत्रे आम्ही गेल्या महिन्यात फाडून टाकली. नातवाला आम्ही मराठी शिकवतो, ती मात्र चालू आहे. तिला लखनवी वळण आहे, हे आम्ही जाणतो. त्या मुलाने वीनची बाजू इतक्या त्वेषाने मांडली, ती याच मराठीत.