खटक्याची परीक्षा

जुन्या वस्तूंच्या बाबतीत प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक ‘काढून टाका ही अडगळ’ म्हणणारा आणि दुसरा ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणणारा. आमच्याकडे पहिल्या पक्षाचे पुढारी आमचे हे आणि धाकटे भाऊजी. दुसऱ्या पक्षात सासूबाई एकट्याच, पण भक्कम. मी बापडी मध्यस्थ! पितळी बंब, पत्र्याची ट्रंक, फुटक्या दांडीचं जातं यांवरून वाद होतात आणि चहाबरोबर मिटतात. पण गेल्या वर्षी सासऱ्यांच्या कॅमेऱ्यावरून जो वाद निघाला, तो काही मिटेना.

कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक-३. काळा, गुटगुटीत, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. भाऊजी सुरतेला असतात. रोलच्या कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आले आहेत, ही बातमी त्यांनीच आणली. खिशात मोबाइल असताना कॉलेजातली मुलं म्हणे असे कॅमेरे शोधत फिरतात. एक दुकानदार घ्यायला तयार होता. त्याचा प्रश्न एकच : “शटर बरोबर चालतं का?”

सासूबाई कोपऱ्यात गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माले अजून एक फोटो काढना शे. मंग काय ते करा.”

सगळे हसले. कॅमेरा सासऱ्यांचा. सासूबाईंची शाळा चौथीपर्यंतची. त्यांना त्यातलं काय कळतं, असा घरात सगळ्यांचाच समज!

पण मैत्रिणींनो, गंमत अशी की साधा कॅमेरा जन्माला आला तोच मुळी ‘ज्याला काही कळत नाही’ अशा माणसासाठी. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला, तो तर लहान मुलांच्या हातीही गेला. आपण बायका म्हणजे मोठं गिऱ्हाईक, हेही कंपनीने लवकरच ओळखलं. जाहिरातींत हातात कॅमेरा घेतलेली तरुणी झळकू लागली. १९२८ मध्ये तर व्हॅनिटी कोडॅक नावाचा कॅमेरा पाच रंगांत निघाला आणि रंगांना नावं दिली पक्ष्यांची! साडीवर ब्लाउज जुळवावं तसा कॅमेरा जुळवायचा. आज आपल्याला हसू येतं. पण त्या जाहिरातीतली बाई कॅमेऱ्यासमोर नव्हती, कॅमेऱ्यामागे होती, हे विसरून चालणार नाही.

आमचा क्लिक-३ मूळ जर्मन घराण्यातला, पण जन्म बडोद्याचा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने अ‍ॅग्फाचे हे कॅमेरे बडोद्यात तयार केले. नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसलं की बडोदं काही फार लांब नाही. सासरे १९७८ साली एका लग्नाला तिकडे गेले आणि येताना घेऊन आले. १२० नंबरचा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो. सेल नाही, फोकस नाही. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे सरकवायचा आणि खटका दाबायचा. कॅमेरा बिघडायला त्यात होतंच काय?

सासरे अक्कलकुव्याकडे प्राथमिक शिक्षक. सोमवारी पहाटे जायचे ते शनिवारी संध्याकाळी परत. कॅमेरा मात्र घरीच. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचा अर्थ कुणी लावला नव्हता.

तो लागला अल्बम काढल्यावर. वर सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘आमचे फोटो’. आत गल्लीतल्या बायका : पापड लाटणाऱ्या, बाळंतिणीला न्हाऊ घालून बाहेर बसलेल्या, प्रकाशाला तापीच्या घाटावर ओल्या लुगड्यांनी उभ्या असलेल्या. डोळे मिटलेले नाहीत, चेहरे घाबरलेले नाहीत. परक्या पुरुषापुढे आमच्या गल्लीतल्या बाया त्या काळी अशा उभ्या राहिल्या असत्या का? आणि बऱ्याच फोटोंत खालच्या कडेला एक सावली आहे. साध्या कॅमेऱ्याचा नियमच असा, सूर्य पाठीशी घ्यायचा. म्हणून काढणाऱ्याची सावली फोटोत उतरते. त्या सावलीच्या डोक्यावर पदर आहे!

मी अल्बम सासूबाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, “हाऊ, मीच काढात.” बस्स, एवढंच. चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, तर सांगणार कुणाला?

मला आठवण झाली होमाई व्यारावाला यांची. १९१३ साली आपल्या शेजारच्या नवसारीत जन्मलेली ही बाई देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. पण सुरुवातीचे तिचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावावर. १९७० मध्ये तिने हे काम सोडलं आणि पुढे बडोद्यातच राहिली. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये ती गेली. तिचं नाव निदान पुढे सगळ्यांना कळलं. घराघरांतल्या अल्बमांचं काय?

आणि हे फोटो म्हणजे नुसती हौस नव्हती. छायाचित्र असलेलं मतदार ओळखपत्र देशात १९९३ पासून मिळू लागलं. आधारचे पहिले क्रमांक तर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. सरकारने बाईचा फोटो काढला तो इतक्या उशिरा. त्याआधी गेलेल्या आमच्या गल्लीतल्या तीन आज्यांचे भिंतीवरचे फोटो सासूबाईंच्या निगेटिव्हवरून मोठे केलेले आहेत. दुसरे फोटो त्यांचे नाहीतच.

तेव्हा मी ठरवलं, कॅमेरा विकायचा की नाही हे नंतर. आधी खटक्याची परीक्षा.

शटर म्हणजे भिंगाजवळची पातळ पाती. खटका दाबला की स्प्रिंग तिला ओढते, भोक क्षणभर उघडतं, उजेड आत जातो. हा ‘क्षणभर’ नेमका किती, यावर सगळं. साध्या कॅमेऱ्यात तो साधारण सेकंदाचा तिसावा ते पन्नासावा भाग. सारंगखेड्याच्या यात्रेतला धावता घोडा सेकंदाला दहा मीटर गेला, तर तिसाव्या भागात तो तेहेतीस सेंटिमीटर पुढे सरकतो. अल्बममधल्या घोड्याला सहा पाय का दिसतात, ते मला तेव्हा कळलं! जुन्या कॅमेऱ्यात वंगण घट्ट होतं, स्प्रिंग सैल पडते, पाती रेंगाळते आणि फोटो पांढरा फटक येतो.

पूर्वीचे हौशी लोक ग्रामोफोनवर परीक्षा घेत. तबकडीवर पांढरी रेघ मारायची आणि ती फिरत असताना फोटो काढायचा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २०० अंश. रेघ फोटोत ८ अंश पसरली तर वेग १/२५ सेकंद, ४ अंश पसरली तर १/५०. पण त्यात रोल खर्ची पडतो. मी बी. ए. मराठीची, तासिकेवर शिकवणारी बाई. माझी रीत स्वस्तातली. कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढलं, भिंग उजेडाच्या खिडकीकडे केलं आणि मागून मोबाइलने संथ चित्रण घेतलं. त्यात सेकंदाला २४० चित्रं निघतात. भोक किती चित्रांत उघडं दिसतं ते मोजायचं. आठ चित्रं म्हणजे २४० भागिले ८, सेकंदाचा तिसावा भाग. मोजणीत एखादं चित्र इकडेतिकडे होतं, पण घरगुती कामाला तेवढं पुरे. सहावीच्या मुलांना अपूर्णांक इतक्या आवडीने सोडवताना मी पाहिलं नव्हतं!

पहिल्या दाबाला चौदा चित्रं आली. बरीच वर्षं झोपलेली पाती, आळस देणारच. पुढे दहा, दहा, अकरा, दहा. म्हणजे साधारण चोविसावा भाग. थोडा मंद, पण नेमाचा. आणि महत्त्वाचा असतो तो नेम. वेग सारखाच येत असेल तर थोडा जास्त उजेड निगेटिव्ह फिल्म पोटात घालते. दर वेळी वेगळा आला, तर मात्र इलाज नाही.

तुमच्या कपाटात असा कॅमेरा असेल तर एवढं करा. शटरमध्ये तेल सोडू नका. ते पातीवर पसरतं आणि धूळ धरतं. चामडी पिशवी ओल धरते, भिंगावर बुरशी येते. म्हणून कॅमेरा पिशवीबाहेर, कोरड्या डब्यात ठेवा. सेलवर चालणारा असेल तर सेल काढून ठेवा. फोटो काढताना कोपर अंगाशी घट्ट आणि श्वास रोखलेला हवा. हे शेवटचं मला सासूबाईंनी शिकवलं.

रोल मुंबईहून मागवला. आता महाग झालाय, त्यामुळे बारा फोटोंची वाटणी सासूबाईंनी आधीच करून टाकली. अकरा त्यांनी काढले : गल्लीत उरलेल्या चार मैत्रिणी, दोन सुना, नातवंडं, दारातला कडुनिंब. बारावा मी काढला, त्यांचा. उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मलाच दटावलं, “हालू नको वं.”

बारापैकी नऊ छान आले. भाऊजी दिवाळीला आले तेव्हा त्यांनी फोटो पाहिले आणि दुकानदाराचा विषयच काढला नाही. जाताना एवढंच म्हणाले, “आईचा कॅमेरा नीट ठेवा बरं का, वहिनी.”

माझ्या लेकीने जुना अल्बम मांडीवर घेतला आणि आजोबांच्या अक्षराखाली, त्याला जराही धक्का न लावता, पेन्सिलीने लिहिलं : ‘काढणार – आजी.’