पटावरचं नगर

१९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकीय खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा त्यात तेरा संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, मंगोल, तुर्क, जपानी, चिनी सगळे होते, भारत नव्हता. नगरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या एका मुलाला याचं फारसं काही वाटलं नाही. तो पर्शियनांना घेऊन खेळायचा, कारण त्यांच्याकडे हत्ती होते आणि हत्ती आपले वाटायचे.

पटावर कोणाला घ्यायचं, हा प्रश्न मात्र त्याला त्याआधीच पडलेला होता. दिवाळीत गल्लीतली पोरं विटा, गोणपाट आणि मातीचा चिखल वापरून डोंगरी किल्ले करायची. माथ्यावर महाराज, बुरुजावर मावळे, पायथ्याशी बाजार, उतारावर पेरलेलं अळीव. याला मात्र खंदकासकट भुईकोट करायचा होता, कारण शहरात रोज दिसणारा किल्ला तोच. खंदकात पाणी ठरेना, म्हणून त्याने तळाला प्लॅस्टिकचा कागद घातला. किल्ला झाला, पण आत बसवायचं कोणाला? बाजारात निजामशहाचं चित्र मिळत नव्हतं. शेवटी आतही मावळेच उभे राहिले. हा किल्ला नक्की कोणाचा, हे त्याला घरात कोणी धड सांगू शकलं नाही. वडीलधाऱ्यांची उत्तरं वेगवेगळी होती: कोणी म्हणालं चांदबीबीचा, कोणी म्हणालं नेहरूंना ठेवलं होतं तो.

पुढे खेळांनी भारताला हळूहळू आत घेतलं. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये २०१३ साली ‘भारतीय’ आले, तेही एकाच गठ्ठ्यात. २०२२ मध्ये तो गठ्ठा सोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग केले गेले. यात देवगिरीच्या यादवांनी कुठे बसायचं? कुठेच नाही. त्याआधी, २००९ साली, ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मात्र मराठे थेट खेळायला मिळाले होते. तोवर तो बापाच्या छापखान्यात काम करू लागला होता. लग्नसराई संपली की रात्री उशिरापर्यंत तो मराठ्यांची फौज दिल्लीकडे रेटत बसायचा. त्या खेळाची सुरुवात १७०० सालची. त्याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराज वारले, आणि लहान मुलाच्या नावाने ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धचं युद्ध हाती घेतलं. सात वर्षांनी तो बादशहा नगरजवळ भिंगारच्या छावणीत मेला.

आणि मग ‘युरोपा युनिव्हर्सलिस’च्या चौथ्या भागाच्या नकाशावर त्याला चक्क आपलं गाव दिसलं. खेळ १४४४ ला सुरू होतो, तेव्हा दख्खनवर बहमनींचा एकच रंग असतो. सुरुवातीची तारीख पुढे सरकवली की बहमनी राज्याचे तुकडे होतात आणि त्यातल्या एकावर ‘अहमदनगर’ हे नाव येतं. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवल्यावर वसवलेलं शहर, स्वीडनमध्ये घडवलेल्या पटावर. त्या दिवशी त्याने दुकानात येईल त्याला ते दाखवलं.

स्वतःचा पट करायचं तिथून डोक्यात आलं. पत्रिकांच्या कागदाची कात्रणं छापखान्यात पडलेलीच होती. खेळ फक्त नगर जिल्ह्याचा करायचा, प्रत्येक खेळाडूला एक राज्य आणि एक नेता द्यायचा, असा बेत. निजामशहांचे पत्ते लगेच झाले. हुसेन निजामशहा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत होता, त्यामुळे त्याचा पत्ता भारी. १५४९ साली नगरातच ओतलेली आणि आता विजापूरच्या बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान तोफही पटावर आली. पण घरच्यांनी, मित्रांनी आणि दुकानात बसणाऱ्यांनी जे पत्ते आधी मागितले, त्यांतलं कोणीच राजघराण्याच्या वारसाहक्काने गादीवर आलेलं नव्हतं. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. नगरच्या इतिहासाचं वजन सिंहासनापेक्षा कारभार उचलणाऱ्यांवर जास्त पडलेलं आहे, आणि ‘राजा निवडा’ असं विचारणारा खेळ इथे अपुरा ठरतो.

चांदबीबी अल्पवयीन बहादूर निजामशहाच्या नावाने लढत होती. १५९६ च्या वेढ्यात मुराद शहजाद्याच्या मुघल फौजेने तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्यांनी शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढवली गेली. तहात वऱ्हाड सोडावं लागलं, शहर वाचलं. चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला, तिने तहाचं बोलणं काढलं, तेव्हा किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केलं. म्हणून तिच्या पत्त्यावर दोन ओळी आहेत: पडलेली भिंत एका फेरीत उभी राहते, आणि तह केला की स्वतःच्याच सैन्याची निष्ठा घटते.

मलिक अंबरचा पत्ता जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विक्री, मालक बदलत बदलत नगरच्या दरबारापर्यंतचा प्रवास. १६०० मध्ये किल्ला मुघलांनी घेतल्यावर त्याने निजामशाहीचा एक वंशज गादीवर बसवला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत ते राज्य तगवून धरलं. १६२४ ची भातवडीची लढाई नगरपासून जवळच झाली. समोर मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र, याच्याकडे माणसं कमी. त्याने रसद तोडली, तलावाचा बांध फोडून पाणी सोडलं, वाटा चिखलाने बंद केल्या आणि अडकलेल्या छावणीवर रात्री छापे घातले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

पटावर हे कसं आणायचं? पहिल्यांदा त्याने अंबरला नुसते जादा घोडेस्वार दिले. खेळून पाहिलं तर तो इतर कोणत्याही सरदारासारखाच वाटायला लागला. मग घोडेस्वार काढले आणि तलाव आणला. आता पावसाळ्याच्या फेरीत अंबरचा खेळाडू तलावाची निळी सोंगटी उलटी करतो; शेजारच्या तीन घरांतून त्या फेरीत तोफ हलत नाही. किंमत अशी की पुढच्या सुगीत त्याच तलावाखालचं धान्य त्याला मिळत नाही. हा नियम बसला तेव्हा पत्ता अंबरचा झाला.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पती, सासरे आणि मुलगा गमावल्यावर १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचा कारभार त्यांनी पाहिला; २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. काशी, गया, सोमनाथ इथली त्यांची बांधकामं त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेरची आहेत. डावपेचांच्या बहुतेक खेळांत माणूस स्वतःच्या घरातच बांधतो. इथे त्यांच्या खेळाडूला दुसऱ्याच्या मुलखात घाट बांधता येतो आणि गुण दोघांना मिळतात. त्याच्या पुतणीने हा पत्ता घेऊन एकही लढाई न करता डाव जिंकला, तेव्हा मोठ्यांनी तक्रार केली. नियम तसाच ठेवला गेला, आणि योग्यच झालं.

गादीशिवायचा नेता मोठ्या खेळांनाही नवा नाही. ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाने १९९१ मध्ये भारताचा नेता म्हणून गांधीजींना घेतलं होतं, त्यांनीही कधी राज्यपद घेतलं नव्हतं. २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या सातव्या भागात तर हॅरिएट टबमन, मॅकियाव्हेली, इब्न बतूता हेही नेते आहेत. हॅरिएट टबमन गुलामीतून निसटून इतरांना सोडवणारी बाई. तिच्या शेजारी मलिक अंबरची खुर्ची नक्की शोभेल. तिथे भारताकडून मौर्य, चोळ आणि मुघल आहेत; दख्खन अजून यायची आहे.

त्याच्या पटावर सध्या वाद आहे तो दायमाबादचा. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ मध्ये ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांच्या रथात उभा असलेला माणूस सापडला; चारही मिळून वजन ६० किलोंहून जास्त. संस्कृती पक्की, नेत्याचं नाव कोणालाच माहीत नाही. त्याने रथातल्या त्या माणसाचं चित्र छापलं, नावाची जागा कोरी सोडली आणि नियम केला की हा पत्ता घेणाऱ्याला बैल आणि धातू मिळतील, पण तह करता येणार नाही. पुतणीने हरकत घेतली: नाव आपल्याला माहीत नाही, त्याला तर होतं ना! हरकत मान्य झाली आहे, आणि पुढच्या छपाईत दायमाबादला तहाचा हक्क मिळणार आहे.