नट कोणी कसला?

मागच्या शनिवारी सायकलचं मागचं चाक आउट झालं. पुण्यातला खड्डा, दुसरं काय. दुकानात नेली तर तिथल्या मुलानं छापील कार्ड पुढे केलं : बेसिक सर्व्हिस, प्रीमियम सर्व्हिस, आणि चार दिवसांनी या. म्हटलं राहू दे. घरी आणली, बाल्कनीत उलटी केली, निपल चावी शोधली आणि दीड तास बसलो. बायको म्हणाली, "हे तू कुठे शिकलास?" लग्नाला दोन वर्षं झाली आणि हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. मग सांगायला बसलो. पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, ती इथे लिहितोय. (ती वाचेलच. असो.)

तर, धंतोली. नागपूर माहीत नसलेल्यांसाठी : सीताबर्डीला लागून असलेली जुनी वस्ती. रामकृष्ण मठ, यशवंत स्टेडियम, मोठी झाडं, जुने बंगले, आणि आता पावलापावलावर हॉस्पिटल. अशाच एका हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून, कडुनिंबाखाली काकाजींचं सायकल दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि झाडाला टांगलेले जुने टायर. गिऱ्हाईक कोण, तर वॉर्डबॉय, आया, औषधाच्या दुकानातली पोरं. डॉक्टरांच्या गाड्या आत, ह्यांच्या सायकली बाहेर.

२०११ च्या उन्हाळ्यात, आठवीचा निकाल लागल्यावर मी बाबांची जुनी ॲटलास घेऊन तिथे गेलो. २८ इंची, दांड्याच्या ब्रेकची, वजनाला म्हशीसारखी. (३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते.) तिचं डावं पायडल बदलायचं होतं. काकाजी जेवत होते. मी पाना उचलला आणि स्वतःच सुरू झालो. सगळे नट-बोल्ट उलटे फिरवले की सुटतात, एवढं ज्ञान होतं. जोर लावला, आणखी लावला, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली.

काकाजींनी डबा बंद केला, हात धुतले आणि म्हणाले, "भैताड आहेस का बे? डाव्या पायडलची आटी उलटी असते. तू सोडून नाही राह्यला, कसून राह्यला."

"काहून उलटी?"

"ते मले नाही माहीत. उजवीसारखी केली तर रस्त्यात सुटते, एवढं माहीत आहे."

ह्याचं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात सापडलं, तेही पुस्तकात नाही. अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचे एक मेकॅनिक होते, २००८ साली गेले. सायकलीबद्दल जे काही माहीत होतं ते सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं टोक गोल गोल फिरवा, पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं फिरायला लागते. पायडलचा आसही क्रँकच्या भोकात अगदी केसभर सैल असतो आणि पायाच्या जोरानं असाच फिरतो. म्हणून डावीकडे उलटी आटी. हॉस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता पेन्सिल फिरवत बसलो होतो, रूममेटला वाटलं अभ्यासानं डोकं फिरलं :)

तर त्या दिवसापासून रोज दुपारी जायला लागलो. घरी सांगितलं लायब्ररीत जातो. बाहेर ऊन पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आम्ही दोघं कडुनिंबाखाली. पहिले दोन आठवडे फक्त पंक्चर. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा दिसला की खूण करायची, काणशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला जमायचं नाही. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवायचो आणि ते संध्याकाळी निघून यायचं. "बोटाले चिकटेनासं झालं की मंग लाव." आणि ठिगळ लावून झालं तरी टायर चढवायचा नाही. आधी आतून सगळीकडे बोट फिरवायचं, बाभळीचा काटा शोधायचा. काटा तसाच राहिला तर गिऱ्हाईक तासाभरात परत येणार आणि शिव्या ठिगळाला देणार.

मग छर्रे, कोन, फ्रीव्हील, चेन. आणि सगळ्यात शेवटी आउट काढणं. पुढच्या चाकात ३२ तारा, मागच्यात ४०. रिम डावीकडे घासत असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा कसायच्या, डाव्या सैल करायच्या, आणि तेही पाव-पाव फेरा. काकाजी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करायचे. तार बोटानं छेडायची. कसलेली टणकन वाजते, सैल थडथडते. मला आवाज ओळखायला महिना लागला.

आता ती गोष्ट.

जूनच्या सुरुवातीला एका हॉस्पिटलमधल्या कंपाउंडरची सायकल आली. पुढच्या चाकाचं पंक्चर. काकाजी दुसऱ्या सायकलचं ओव्हरऑइलिंग करत होते (हो, आमच्याकडे ओव्हरऑइलिंगच म्हणतात), म्हणून काम माझ्याकडे. मी पंक्चर काढलं, चाक चिमट्यात बसवलं, डावा नट कसला आणि तेवढ्यात उसाच्या रसाची गाडी आली. उजवा नट हातानं फिरवून ठेवलेला, तो तसाच राहिला.

रात्रपाळीला जाताना मेहाडिया चौकाजवळ त्याचं चाक तिरकं झालं. कोपर फुटलं, चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशी सायकल ओढत आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यानं आरडाओरडा सुरू केला. काकाजींनी चाकाकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलंच नाही. म्हणाले, "माह्याच हातानं राह्यला भाऊ. चूक झाली." गल्ल्यातून चष्म्याचे पैसे काढून दिले. किती ते मोजलं नाही, पण नंतर गल्ला वाजत नव्हता.

मी तोंडातून एक शब्द काढला नाही. चौदा वर्षांचा होतो वगैरे ठीक आहे, पण बोलता आलं असतं.

तो गेल्यावर मी वाट पाहत होतो की आता कानाखाली बसणार. काकाजी म्हणाले, "आजपासून तू कसलेला नट मी पाह्यचा, आन् मी कसलेला तू." बस. आणि ते खरंच तसं करायला लागले. तीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक चाक बसवून झाल्यावर पाना माझ्या हातात द्यायचा, "पाह्य बे." दोनदा मला त्यांचा नट सैल सापडला. दुसऱ्यांदा त्यांनी मला रस पाजला.

पुढे कंपनीत लागलो तेव्हा कोड रिव्ह्यू म्हणजे काय ते ट्रेनिंगमध्ये तीन दिवस शिकवलं. मनात म्हटलं, हे तर आपल्याला येतं.

येतं कसलं! सप्टेंबरात आमच्या टीममधल्या नव्या मुलानं एका कॉन्फिगरेशनमध्ये चूक केली आणि ४० मिनिटं क्लायंटचे पेमेंट अडकले. रिव्ह्यूअर मी. अप्रूव्हचं बटण मीच दाबलेलं, कॅबमध्ये बसून, मोबाइलवर, न वाचता. कॉलवर क्लायंटनं विचारलं, हे कोणी केलं? मी त्या मुलाचं नाव सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तो कॉलवरच होता, म्यूटवर.

दिवाळीत नागपूरला गेलो. आईबाबा आता मनीष नगरला राहतात. मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरलो आणि चालत धंतोलीत आलो. कडुनिंब आहे. टपरीच्या जागी हॉस्पिटलची टू-व्हीलर पार्किंग. चहावाल्यानं सांगितलं, काकाजी आता दुकान करत नाहीत, रामबागेत घरीच असतात.

गेलो. ओळखलं त्यांनी. चहा झाला, पुण्याच्या पावसाचं झालं, मग मी एकदाचं बोलून टाकलं. तो नट मी सोडला होता, काकाजी.

"कोणता नट?"

चष्मा, कंपाउंडर, मेहाडिया चौक... सगळं सांगितलं. त्यांना काहीच आठवेना. खोटं बोलत असावेत असंही वाटलं, पण चेहरा तसा नव्हता. "असे लय पडले बे," म्हणाले. "तू तो डाव्या पायडलवाला ना? बोटाचं सालटं काढलं होतं तो?"

निघताना अंगणात नातीची सायकल होती. पुढचं चाक त्यांनी सकाळीच बसवलेलं. आत जाऊन पाना घेऊन आले. हात आता थरथरतो त्यांचा.

"पाह्य बे."

डावा घट्ट होता. उजवा पाव फेरा फिरला.

त्या मुलाशी मी अजून बोललेलो नाही. कामापुरतं बोलतो तोही. सोमवारी स्टँडअपच्या आधी त्याला खाली चहाला बोलावलंय. बघू.