कसाऱ्याच्या लोकलशिवाय

अगं,

‘शहापुरात बसून कसलं गं संशोधन करतेस?’ असं विचारलंस ना? ऐक आता. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून आपण फोर्टच्या ग्रंथालयात जायचो, चिठ्ठी भरून द्यायचो आणि पुस्तक येईपर्यंत तू टेबलावर डोकं टेकून चक्क घोरायचीस. (नाही म्हणू नकोस.) ज्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरसाठी ती सगळी दगदग, ते आता इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाचं ब्यूलरनं १८८३ साली छापलेलं वाचन मी चक्क एसटीत उघडलं. टोकावड्याच्या पुढे रेंज गेली, ते सोड.

नव्या संशोधन-लेखांचं मात्र रडगाणंच. सारांश फुकट, पुढे कुलूप, किंमत डॉलरात. सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलं, तीन वर्षांचे ६,००० कोटी आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांना. आमचं कॉलेज खासगी संस्थेचं. म्हणून तर तुझ्यामागे पीडीएफची भुणभुण लावते आणि तू ‘फुकटी’ म्हणून पाठवतेस.

आमंत्रणांना मात्र तोटा नाही! परवा एका नियतकालिकानं मला संपादक मंडळावर बोलावलं. विषय दंतवैद्यक! वर पैसे भरले तर तीन दिवसांत माझा लेखही छापणार होते. बढतीला लेख मोजतात, म्हणून हा धंदा चालतो. मला हसू आलं, पण स्टाफरूममध्ये कुणी खरंच पैसे भरलेले कळतात तेव्हा हसवत नाही.

बरं, खरी बातमी पुढेच आहे. पूर्वी प्रबंध बांधून विद्यापीठाच्या कपाटात ठेवला की संपलं. यूजीसीनं २००९ मध्ये नियम केला आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगे’वर प्रबंध चढू लागले, जुनेही स्कॅन होऊन येतात. माझ्या वर्गातल्या एका ठाकर मुलीनं मोबाइलवर आपल्याच पाड्यावरचं प्रकरण शोधून काढलं. म्हणाली, ‘‘मॅडम, यात लिहिलेली देवी आमची नाहीच, शेजारच्या पाड्याची आहे. आणि माहिती देणारे ‘वृद्ध गृहस्थ’ माझे काका. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं!’’

प्रबंध कुणाचा, ओळखलंस? तुझाच गं बाई! आतापर्यंत परीक्षकांशिवाय तो कुणी वाचला नसेल, असं तूच म्हणायचीस. आता ती मुलगी वही घेऊन बसलीय, चुका पानांच्या आकड्यांसकट उतरवतेय. तुझा मेल पत्ता मी देऊन टाकलाय. उत्तर वेळेवर दे, आणि कृपा करून मराठीत दे.

तुझीच,
फुकटी