सराट्यांच्या मुलखांत

नगरच्या माळावर चार पावलें अनवाणी चालण्याची ज्याची तयारी असेल, त्याची ह्या जिल्ह्याशीं पहिली ओळख सराटा करून देतो. पावसाळ्यांत जमिनीसरसें पसरणारें हें रोप पांच पाकळ्यांच्या पिवळ्या फुलांमुळें मोठें गोजिरवाणें दिसतें. परंतु फळ वाळून फुटलें, कीं त्याचा एकेक तुकडा कांटे वर करून वाटसरूची वाट पाहत बसतो. गुराख्यांनीं सराट्यास दिलेल्या शिव्यांचा कोश केला, तर तो बराच जाडजूड होईल!

जिल्हा तसा दोन तोंडांचा. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर पावसांत न्हात असतें. पूर्वेस पाथर्डी, कर्जत, जामखेड इकडे पाऊस पाहुण्यासारखा, येईल तेव्हां खरा. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. त्या अहिल्यादेवींचें जन्मगांव चौंडी ह्याच जामखेड तालुक्यांत आहे. सराटा ह्या कोरड्या अंगाचा.

हाच कांटा काष्ठौषधींच्या दुकानांत गेला म्हणजे त्याचा 'गोखरू' होतो. चरकसंहितेंत त्यास श्वदंष्ट्रा, म्हणजे कुत्र्याचा दांत, असें नांव आहे. आणि मूत्र मोकळें करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणांत दर्भ, कुश, पाषाणभेद यांच्या पंक्तीस त्याला बसविलें आहे. त्याच संहितेंत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. ही विद्या पद्धतशीर शिकविण्यासाठीं वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं नगरांत आयुर्वेद महाविद्यालय काढलें. तें आज त्यांच्याच नांवानें चालतें. पायाखालच्या तणाला शास्त्राच्या वर्गांत स्थान मिळालें, हें या शहराचें भूषणच म्हटलें पाहिजे.

आपल्या घरांत मात्र या विकारास साधें नांव आहे: उन्हाळी लागणें. त्यावर धण्याचें पाणी, जवाचें पाणी, वाळा, गोखरूचा काढा हे उपाय आजीबाईंच्या तोंडीं असतात. त्यांनीं पोटांत पाणी जातें आणि जळजळ कांहींशी शमते, हें खरें. परंतु आज आपणांस ठाऊक आहे कीं, बहुधा आपल्याच आंतड्यांतले जंतु मूत्रमार्गांत शिरल्यानें हें दुखणें होतें, व स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें तें त्यांना अधिक होतें. गोखरू त्या जंतूंचा नाश करतो, असें म्हणण्यास पुरेसा आधार नाहीं.

गंमत अशी कीं, हाच सराटा चीन देशांतही उगवतो. तेथील वैद्य तो डोकेदुखी, डोळ्यांची लाली आणि खाज यांवर योजतात. लघवीच्या जळजळीसाठीं त्यांचें आठ औषधींचें वेगळेंच चूर्ण आहे व त्यांत आपल्या इसबगोलाच्या भाऊबंदाचें बीं पडतें. एकाच कांट्यास दोन जुन्या विद्यांनीं दोन निराळीं कामें सांगितलीं, यावरून केवळ प्राचीनतेवर कितपत विसंबावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. त्या चूर्णांतील मुटुंग नांवाच्या औषधीची कथा तर अधिक गंभीर आहे. तिच्या नांवावर आपल्या ईश्वरीच्या कुळांतली एक वेल विकली जाई, आणि तींत मूत्रपिंड जाळणारें विष असतें. १९९३ सालीं ब्रसेल्सच्या डॉक्टरांनीं, बारीक होण्यासाठीं चिनी मुळ्या घेणाऱ्या स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें प्रसिद्ध केलें. तेथेंही विष ह्याच कुळाचें निघालें. चीननें ती वेल २००३ सालीं आपल्या अधिकृत औषधांतून काढून टाकली. 'झाडपाल्यानें अपाय होत नाहीं' असें म्हणणाऱ्यांनीं एवढें ऐकून ठेवावें.

दसरा झाला, कीं पाथर्डी-जामखेडकडचीं बिऱ्हाडें ऊसतोडीस निघतात. फडांत आडोसा नसतो. म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात व लघवी दाबून ठेवतात. आपल्या लेकीसुना फडांत जात नसल्या, तरी आगगाडींत, लग्नघरांत त्या दुसरें काय करतात? २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, मुळांत थोडें पाणी पिणाऱ्या व वारंवार हा विकार होणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांस रोज दीड लिटर पाणी अधिक दिलें. वर्षभरांत त्यांचीं दुखणीं इतरांच्या जवळजवळ अर्ध्यावर आलीं.

आणि बोलावयाचें कोणाशीं? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेडास काम सुरू केलें, तेव्हां गांवच्याच बायकांस, कित्येक निरक्षर असतांही, आरोग्याचे पाठ दिले. सासूला न सांगितलेलें दुखणें शेजारणीजवळ निघतें. मोठ्या कुटुंबांत ही शेजारीण घरांतलीच एखादी जाऊ वा आत्याबाई होऊं शकेल. तिनें एवढें पाहावें: थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठींत कळ, लघवींतून रक्त, किंवा गर्भारपणांत लागलेली उन्हाळी, यांपैकीं कांहींही असल्यास काढ्यावर वेळ घालवूं नये, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेऊन लघवी तपासून घ्यावी.